तेरा माणसं बाकावर

नरसिंगदादा, तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तुझ्या मोबाइलचा गजर वाजला. आम्ही जीपमध्ये होतो. लातूर मागे पडलं होतं, उदगीरचा रस्ता लागला होता आणि पुढच्या ॲम्ब्युलन्समध्ये तू होतास. मोबाइल पहिल्या शिफ्टच्या दत्ताच्या खिशात होता, पोलिसांनी तो त्याच्याकडे दिला होता. काचेला एक तडा, बाकी काही नाही. दत्ताने तो बाहेर काढला आणि नुसता तळहातावर धरून बसला. वाजतोय तर बंद करायचा असतो, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. पडद्यावर तूच लिहून ठेवलेला एक शब्द होता: बर्फ.

म्हणजे सामना होता. तिकडे, पृथ्वीच्या पार पाठीमागे, संध्याकाळ झाली होती आणि आईस हॉकीचे दोन संघ मैदानात उतरले होते. खरं सांगते, मला धक्का बसला. मी मनातून धरून चालले होते की आज सामना होणार नाही. चाकणच्या प्रेस शॉपमधला, प्रेसवर साचे बसवणारा डाय सेटर काल दुपारी गेला, आता कसला सामना? इतका बावळट विचार मी आयुष्यात केला नव्हता. आणि कुणी केला, तर मी. जी प्रत्येक गेट सभेत घसा फोडून सांगते की आपण मेलो तरी त्यांची लाइन थांबत नाही.

आज बारावा दिवस. हे मी आपल्या संघटनेच्या अंकासाठी लिहितेय. तुझ्यावरचं पत्रक वेगळं, ते आठ दिवस लिहून होत नाहीये. पाच वर्षं मी पत्रकंच लिहिते. वर मथळा, मध्ये मागण्या, खाली 'संघटित व्हा'. झोपेत लिहीन. पण तुझ्या नावाआधी 'कैलासवासी' लिहायला हात उठत नाही आणि 'हुतात्मा' लिहायची लाज वाटते. का वाटते ते तुला माहीत आहे. हे वाचणाऱ्यांना अजून नाही.

आपली ओळख भांडणातूनच झाली. मी कासारवाडीहून निघून सातच्या शिफ्ट बदलाला तुमच्या गेटसमोर उभी राहायचे. तिसरी शिफ्ट बाहेर, पहिली आत, आणि मधल्या पाच मिनिटांत माझी पत्रकं. लोक घ्यायचे, न बघता खिशात कोंबायचे. तू मात्र घेतलंस, समोरच्या हौसामामींच्या टपरीवर बसलास आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचलंस. मला इतका आनंद झाला की मी मागोमाग आले. आणि तू काय केलंस? पत्रकाची चौपदरी घडी घातलीस, टेबलावर उभी केलीस आणि तिला मोबाइल टेकवून सामना लावलास.

"ओ दादा, ते पत्रक आहे!"

"म्हाईत हाय की. वाचलं. एकाच ओळीत 'शोषण' दोनदा आलंय. एक काढा."

"आणि हे काय बघताय?"

"बसा ताई. आत्ताच सुरू झालाय."

मी कसली बसतेय. मी पेटलेच. म्हटलं, आपल्या वस्तीत पाणी टँकरने येतं आणि तुम्ही श्रीमंत देशातल्या माणसांना बर्फावर घसरताना बघताय? हा आपला खेळ आहे का? आपल्या कुणाचा बाप कधी बर्फावर उभा राहिला होता? तू मान वर न करता म्हणालास, "मी राह्यलोय. पडलो बी."

हौसामामी चाकणच्याच, जमिनी कंपन्यांत गेलेल्या जुन्या घरातल्या. चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, "बघू द्या की त्यास्नी. हितं पत्रा तापतोय, तितं बर्फ हाय. डोळ्याला तेवढाच गारवा."

नंतर कळलं की तू खरंच बर्फावर पडला होतास. नवी प्रेस घेताना कंपनीने तुला तीन आठवडे त्या थंडीच्या देशात पाठवलं होतं, तिच्यात साचा कसा बसवायचा ते शिकायला. तिथल्या म्हाताऱ्या सेटरला तुझी भाषा येत नव्हती, तुला त्याची. पण सेटर सेटरला ओळखतो म्हणालास, हात कुठे ठेवतो त्यावरून. शेवटच्या रविवारी तो तुला गावातल्या स्टेडियममध्ये घेऊन गेला. तुला काचेला चिकटून उभं केलं. पहिल्याच मिनिटाला दोन माणसं त्या काचेवर, तुझ्या नाकासमोर येऊन आदळली. "मला वाटलं मेला. मी वरडलो, अरे थांबवा, माणूस गेला! तर तो उठला आन् गेला बी पळत. आन् सगळं स्टेडियम माझ्याकडं बघून हसूलालं."

ही गोष्ट तू मला किमान दहा वेळा सांगितलीस. मी दहाही वेळा म्हटलं, "दादा, सांगितलंय." आता पैज लावते, अकराव्यांदा ऐकायला मिळाली तर एक शब्द बोलणार नाही.

मी बसायला लागले त्याला कारण मामींचा चहा. खेळ नाही. पहिले दोन-तीन महिने मला काही दिसायचंच नाही. एवढासा पडदा, पांढरं मैदान, त्यावर रंगीत माणसं सुसाट, आणि ती काळी चकती कुठे आहे ते देवालाच माहीत. मी वैतागून म्हणायचे, जी वस्तू दिसत नाही तिच्यामागे धावणाऱ्यांना बघायचं कसं?

"चकतीकडं बघूच नको," तू म्हणालास. तोवर तुझ्या तोंडी मी 'अहो'वरून 'अगं'वर आले होते. "चकती कुणालाच दिसत न्हाई. माणसाच्या खांद्याकडं बघ. सगळे खांदे जिकडं वाकले, तिकडं चकती."

मी म्हटलं, "म्हणजे भांडवलासारखं. दिसत नाही, पण सगळे त्याच्या दिशेने वाकलेले."

"झालं. मामी, चहा टाका, पत्रक सुरू झालं."

पण खांदे बघायला लागल्यावर मला तो खेळ दिसायला लागला, हे आता कबूल करते. तू असताना केलं नाही, कारण तू आठवडाभर मिरवला असतास. क्रिकेट बघताना माणूस बोलतो, उठतो, शेंगा सोलतो, कुणाचं लग्न ठरलं ते विचारतो. इथे तोंड उघडायला फट नाही. खेळ थांबतच नाही. चकती भिंतीवर आपटून परत येते, माणूस काचेवर आपटून परत येतो, गोलरक्षक अंगावर येणारी गोळी छातीवर झेलतो आणि जिला आपण मघाशी शिव्या घातल्या ती बाजू दोन सेकंदांत दुसऱ्या टोकाला गोल करून मोकळी होते. आणि आवाज. त्या पात्यांचा बर्फावरचा तो खर्रकन् आवाज तू कानात तारा घालून ऐकायचास. रात्रभर प्रेसचा दणका ऐकलेल्या कानांना तो बरा वाटतो म्हणायचास. क्रिकेट असलं की सगळा देश मोकळा असतो. हा खेळ आपल्याकडे थेट बघायला कोण मोकळा? सकाळी साडेसातला, कामावरून सुटलेला, अजून झोप न लागलेला, तिसऱ्या शिफ्टचा माणूस. तू म्हणायचास, "त्या टायमाला साहेब लोक अंघोळीत असतेत. आख्ख्या चाकणात हा खेळ फकस्त आपला."

मामींना नावं पाठ होत नसत, त्या रंगावर पार्टी धरायच्या. भगवे आले की त्यांचे. भगव्यांच्या एका गड्याने हातमोजे फेकून समोरच्याला बुकलायला सुरुवात केली आणि मी उठून उभी राहिले. म्हटलं, दादा, हे बघ, पंच नुसता उभा आहे! लोक टाळ्या वाजवतायत! यांच्या डोक्याला मार बसतो, म्हातारपणी यांना स्वतःचं नाव आठवत नाही, मी वाचलंय. मालक यांची डोकी विकतायत आणि तू मजा बघतोयस.

मामी म्हणाल्या, "भांडू द्या गं. हातमोजं काढून भांडत्यात, म्हंजी सभ्य हायेत."

तू हसला नाहीस. म्हणालास, "ते वाईटच हाय. मी काय त्याला देव म्हणूलालाव का? पर बघतो मी. शिफ्टभर माझ्याकडं बघतेत, ताई. वर कॅमेरा, मागं सुपरवायझर, काचंच्या केबिनमधी साहेब. मी साचा बसवूलालो का डुलक्या काढूलालो, सगळं बघतेत. मला बी कुणाकडं तरी बघू दे की."

प्रेक्षक असणं म्हणजे आळस, असं मी समजायचे. बघणाऱ्यांना उठवायचं आणि चालायला लावायचं, हे माझं काम. ज्याच्यावर सतत नजर आहे त्याला तासभर नुसतं बघायला मिळणं ही केवढी सुटका आहे, ते कुठल्या अभ्यासवर्गात सांगितलं नव्हतं.

आणि फोटो. तुझ्या डाव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापाशी संपायची. जुन्या कंपनीतल्या जुन्या प्रेसने नेली होती. मला त्या हाताचा फोटो पत्रकावर हवा होता. किती मागे लागले! तू दर वेळी हात खिशात. शेवटी चिडून तू मोबाइल माझ्यासमोर धरलास. एक खेळाडू बाकावर बसून हसत होता, पुढचे तीन दात गायब. "हे बघ. दात न्हाईत आन् हसूलालाय. ह्याचा दाताचा फोटो कुणी पत्रकावर छापलाय का? लोक म्हणतेत, काय खेळला! माझ्याकडं बघायचं तर आख्खं बघ. नुस्ता हात नको." मी म्हटलं, दादा, तू मुद्दा भरकटवतोयस. तू म्हणालास, बरं. त्या 'बरं'ची भीती मला तेव्हा वाटली नाही, आता वाटते. दुसऱ्या 'बरं'बद्दल लिहायचं आहे. टाळतेय. थांब.

त्याआधी बाक. तुला त्या खेळातलं सगळ्यात काय आवडायचं? गोल नाही. मारामारी नाही. तुला आवडायचा तो बाक. बर्फावर गोलरक्षक सोडून पाच माणसं, बाकावर तेरा. पाऊण मिनिट जीव तोडून पळायचं, दम लागला की स्वतःच कठड्याकडे यायचं, वरून उडी मारून आत, आणि त्याच क्षणी दुसरा उडी मारून बाहेर. खेळ चालूच. "पाऊण मिनिट, ताई! आन् कुणी इचारत न्हाई, काय रं, दमलास का, बायकोनं भाकर दिली न्हाई का. दमला की आत. बसलेला बी टीममधीच असतोय. कामावरच असतोय."

आणि आपल्याकडे? आपल्याकडे रिवाज आहे की रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पुढच्या शिफ्टचा सेटर येऊन उभा राहिला तर तू मोकळा. नाही आला, तर पुढचे आठ तास पण तुझेच. सुपरवायझर गेट पासवर सही करत नाही आणि पासाशिवाय गेट उघडत नाही. याला आपल्याकडे 'डबल' म्हणतात, आणि ते ज्याच्या वाट्याला येतं त्याला विचारायची पद्धत नाही. सेटर प्रत्येक शिफ्टला एक. राखीव एकही नाही. बाकच नाही.

तू म्हणालास, "तुज्या पत्रकात घाल की. आमाला बाक पाहिजे." मी हसले. म्हटलं, लोकांना कळणार नाही दादा, मागणी नेमकी हवी. आणि मी लिहिलं, 'सक्तीचे डबल बंद करा'. हीच आपली मोहीम झाली. नेमकी होती. सगळ्यांना कळली.

मग धरणं ठरलं. कामगार कार्यालयासमोर, दिवसा, अधिकाऱ्याच्या हातात निवेदन आणि सोबत एका माणसाची साक्ष, की सक्तीचं डबल म्हणजे काय. तुला विचारलं. "मला माइक नको. दत्ताला ने. तो चांगला बोलतो." खरंच होतं ते, दत्ता बोलतो तेव्हा सिमेंटचा खांबसुद्धा मान हलवतो. पण दत्ता पहिल्या शिफ्टचा सेटर. तुझा रिलीव्हर तोच. तो न सांगता गैरहजर राहिला आणि प्रेस बंद पडली तर त्याची नोकरी गेलीच म्हणायची. टपरीवर आपण तिघं बसलो होतो, सामना नव्हता त्या दिवशी. तू विचारलंस, "दत्ता तिकडं आला तर मला कोण सोडवणार?"

आणि मी म्हणाले, शब्द जसेच्या तसे लिहिते, "तूच धर ना त्याची जागा. एक दिवस कळ काढ, दादा. एक डबल कर, म्हणजे कायमचं डबल बंद होईल."

तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "बरं."

त्या आठवड्यात तुझी दोन डबल आधीच झाली होती. मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. माहीत होतं. मीच लिहून ठेवली होती, वार आणि वेळ घालून, पुरावा म्हणून. निवेदनाला जोडलेल्या कागदावर तुझं नाव दुसरं होतं. सक्तीने डबल केलेल्या माणसांच्या यादीतलं दुसरं नाव मी उचललं आणि त्याला तिसरं डबल मागितलं. सक्तीने नाही. प्रेमाने. तुझ्याकडे सुपरवायझरला नाही म्हणायला तोंड होतं, ते मी पाहिलंय. मला नाही म्हणायला नव्हतं.

धरणं छान झालं, दादा. याची मला अजून शिसारी येते. दत्ता असा बोलला की अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. त्यांनी तपासणीचं तोंडी आश्वासन दिलं. आम्ही बाहेर येऊन घोषणा दिल्या, फोटो काढले, उसाचा रस प्यालो. मी पुढच्या पत्रकाचा मथळा तिथेच ठरवला, 'पहिला विजय'. चार वाजत आले असतील. दत्ताला फोन आला. त्याने ऐकला, ठेवला आणि म्हणाला, "नरसिंगदादा."

मी म्हटलं, "पोचला का घरी? झोपू दे त्याला. उद्या सांगू."

मी रसाचा ग्लास हातात घेऊन दत्ताच्या तोंडाकडे बघत राहिले. मला खरोखर कळलं नाही. आता लिहिताना कळतंय असंही नाही.

तीनला तू मोटरसायकलवरून गेटबाहेर पडलास. तळेगावच्या रस्त्याला कडेला एक कंटेनर उभा होता. लख्ख ऊन, सरळ रस्ता, कंटेनर केवढा, आंधळ्याला दिसेल एवढा. तू ब्रेक लावलाच नाहीस. पोलीस म्हणाले, "डुलकी लागली असणार." असणार! हेल्मेट होतं. तू कधी हेल्मेट विसरला नाहीस. गाडीवरून येणाऱ्या पोरांना तू सांगायचास, गोलरक्षक बघा, एवढं घालून बी घाबरतोय.

कंपनीचा माणूस दवाखान्यात आला, उभ्याउभ्याच म्हणाला, "घडलंय ते गेटच्या बाहेर." मी त्याची गचांडी धरायचीच बाकी होती. म्हटलं, सोळा तास गेटच्या आत होता, त्याचं बोला! त्याने मला नखशिखान्त बघितलं आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, त्याचा रिलीव्हर कुठे होता?"

दत्ता माझ्या शेजारी उभा होता.

कंपनीच्या माणसाचा प्रश्न खरा होता, याहून मोठी शिक्षा नाही. त्याला उत्तरही आहे, आणि तेही खरं आहे: एका माणसाच्या गैरहजेरीवर दुसऱ्याचा जीव टांगायचा नसेल तर तिसरा माणूस ठेवावा लागतो, आणि तो कंपनीने कधी ठेवला नाही. मी हे बोलले नाही.

आपल्या समितीचं म्हणणं, दत्ताच्या जागी तू थांबलास ते पत्रकात नको. "ताई, माकडाच्या हाती कोलीत देतोय आपण. उद्या हेच नोटीस बोर्डावर लावतील, की मोर्चेवाल्यांनी मारला." बरोबर आहे त्यांचं. लावतील. दत्ताने बारा दिवसांत कामावर पाऊल टाकलेलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडतो. मी त्याला म्हटलं, तू गेला नाहीस, मी नेलं. तो म्हणतो, मी नाही म्हणू शकलो असतो. सगळे हेच म्हणतायत, नाही म्हणू शकलो असतो. तू सोडून सगळे.

त्या खेळात एक काचेचा डबा असतो ना, चूक करणाऱ्याला दोन मिनिटं ज्यात बसवतात. मी त्यावरून पण तुझ्याशी भांडले होते. चूक एकाची, आणि बर्फावर एक माणूस कमी घेऊन पळायचं बाकीच्यांनी, हा कुठला न्याय? तू म्हणाला होतास, "त्याला बघत बसावं लागतंय. ह्याहून मोठी सजा हाय का?" तेव्हा मला ते पळवाटेचं उत्तर वाटलं. आज मला दोन मिनिटांनी दार उघडणारं कुणी नाही, आणि समोर वहिनी आहेत, दत्ता आहे, आणि तुझ्या जागेवर उद्या उभा राहणारा नवा सेटर आहे, ज्याला अजून कुणी सांगितलेलं नाही की बाक नाहीये.

राख सावडली त्या दिवशी सुरेखावहिनींनी मला बाजूला घेतलं होतं. रडून रडून आवाज गेला होता. म्हणाल्या, "ताई, एक इचारू? त्या दिवशी दत्ताभाऊ कामून आले न्हाईत?" तुझ्या बायकोने साधा प्रश्न विचारला. मी म्हणाले, "नंतर बोलू वहिनी." आणि जीपमध्ये बसले.

मी, दादा. जी साहेबांना सांगते, उत्तर आत्ता द्या, नंतर नाही.

आज दुपारी फोन केला. सगळं सांगितलं. धरणं, दत्ता, टपरी, 'कळ काढ', तुझं 'बरं'. मध्ये कुठे थांबले नाही, थांबले असते तर पुढे बोलले नसते.

"वहिनी?"

"ऐकूलालाव."

"तुम्हाला ते काही बोलले होते?"

"सकाळी फोन केलता तेनी. म्हणले, दत्ता येणार न्हाई, मी थांबूलालाव. तुमचं नाव काढलं न्हाई."

नाव काढलं नाहीस. का रे दादा? काढलं असतंस तर त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या. कदाचित तुला 'घरी या' म्हणाल्या असत्या. मी यावर तुझ्याशी भांडणार होते आणि तू नाहीस, हे मला आज पुन्हा नव्याने कळलं, फोन कानाला असताना.

मग वहिनी म्हणाल्या, "पत्रक काढणार हाव म्हणं तुमी."

"हो."

"कंपनीचं नाव लिवणार?"

"हो."

"मग आदी तुमचं लिवा. मग तेंचं. आन् छापायच्या आदी मला वाचून दावा."

माफ केलं म्हणाल्या नाहीत. मी मागितलंही नाही, ते मागायची वस्तू नव्हे. फोन ठेवला, कागद ओढला आणि आठ दिवस न झालेलं काम तासाभरात झालं. समितीला अजून दाखवलेलं नाही. ओरडतील. ओरडू देत. मथळा तुझं नाव आहे, कैलासवासी नाही, हुतात्मा नाही, नुसतं नाव. मागणी एकच ठेवली, तू सांगितलेली, तुझ्याच शब्दांत. आणि हाताचा फोटो नाही.

परत फोन लावला. वहिनींनी लगेच उचलला. मी वाचायला लागले.

"नरसिंग सोळा तास उभा होता. पहिले आठ तास त्याच्या शिफ्टचे. पुढचे आठ मी मागितले, आणि कंपनीने ते घेतले."

मी थांबले.

"फुडं वाचा," वहिनी म्हणाल्या.